तुझ्या पत्राची पोच

४ फेब्रुवारी

धाकटे,

आईनं सांगितलं म्हणून लिहितेय. माझ्या मनावर असतं तर लिहिलं नसतं. तीन वर्षांत तू मला एक फोन केला नाहीस. नंबर बदललास, आणि नवा आईला दिलास तो ‘ताईला द्यायचा नाही’ या अटीवर. आई अट पाळते. तुझा फोन आला की मोबाइल घेऊन न्हाणीघरात जाते आणि नळ सोडून बोलते. सव्वीस वर्षं इस्पितळाच्या फरश्या पुसल्या तिनं, आणि आता स्वतःच्याच घरात चोरासारखं बोलावं लागतं. पत्ता मात्र परवा तिनं मला लिहून दिला. म्हणाली, पत्त्याबद्दल धाकटी काही बोलली नव्हती.

तर निरोप असा. आईचं डावं मनगट मोडलं होतं. जिन्यात पाय घसरला, त्याला महिना झाला. आता प्लास्टर निघालंय, बोटं हलतात. आधी कळवलं असतं तर तू सगळं टाकून धावत आली असतीस आणि तुला माझं तोंड बघावं लागलं असतं, म्हणून तिनं लपवलं. निरोप संपला.

माझं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. माझं उत्तम चाललंय. समुपदेशन केंद्रात अजून समन्वयक आहे. केंद्रानं वरचा मजलाही घेतला. तिथं मोठ्या खिडक्या, कुंड्या, भिंतींना शांत निळा रंग. पैसे भरून येणारे क्लायंट वर बसतात, आपल्यासारख्या वस्त्यांमधून येणारे खाली. आपल्या संचालकबाई, म्हणजे तुझ्या मऊबाई, अजून तितक्याच मऊ बोलतात. नव्या माहितीपत्रकावर त्यांनी माझा फोटो छापलाय. खाली लिहिलंय, ‘वस्तीतून आलेली, वस्तीसाठी झटणारी’. फोटोत मी हसतेय. त्या दिवशी दाढ अशी ठणकत होती की हसताना डोळ्यांत पाणी आलं. फोटोग्राफर म्हणाला, वा, किती भावपूर्ण.

मग दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं आत आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की दोन दाढांना चिरा गेल्यात, तुम्ही झोपेत दात खाता. मग सहज विचारलं, कोणावर खाता? मी म्हटलं, बहिणीवर. तो हसला. मी हसले नाही.

तू टपाल कचेरीत पाकिटं लावतेस म्हणे. तुझं बरं आहे. पाकिटं रडत नाहीत.

त्या चौकशीचं मला आता काढायचं नाही. जे झालं ते झालं. पण आई दोघींचीही आहे, एवढं ध्यानात ठेव.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण मागचं पत्र पेटीत टाकून आले त्या दुपारी मी सलग चार तास झोपले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. म्हणून परत लिहितेय, औषधासारखं. वाच, नाहीतर फेकून दे.

‘उत्तम’ लिहिलं होतं ते खोटं होतं.

वरच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला दिवसाला पाच क्लायंट. खाली आम्हाला नऊ. का, तर ‘तुम्हाला त्यांची भाषा कळते ना’. भाषा कळते म्हणजे जणू पोटाला तळच नाही, कितीही ओता. सकाळी मारहाणीतून पळून आलेली. तिच्यानंतर कामावरून काढलेला. त्यानंतर जिचं घर पाडलं ती. मध्ये पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत नोंद लिहायची, घोटभर पाणी प्यायचं आणि आधीच्या माणसाचं रडणं खुर्चीवरून पुसून टाकायचं. वरच्यांना दर आठवड्याला एक तास वरिष्ठांपुढे बसून स्वतःचं ओझं उतरवायला मिळतो. आमचा तास ‘सध्या’ बंद आहे. हे सध्या पाच वर्षांचं झालं. तुला ते दोन वर्षांचं असताना माहीत होतं.

मागच्या महिन्यात चुकून एक वरची बाई माझ्याकडे आली. पहिलं सेशन छान झालं. निघताना तिनं मला व्हरांड्यात आईशी फोनवर बोलताना ऐकलं, आपल्या घरच्या बोलीत. ती तशीच काउंटरवर गेली आणि दुसरं कोणी मिळेल का विचारलं. मिळालं, लगेच. मऊबाईंनी मला बोलावून समजावलं की मनाला लावून घेऊ नकोस, क्लायंटला सुरक्षित वाटणं हा तिचा हक्क आहे. माझा हक्क कुठल्या मजल्यावर मिळतो ते विचारायचं राहिलं. मी ‘हो मॅडम’ म्हटलं. मला ते फार चांगलं जमतं.

आता हे वाच, कारण हे मी कोणाला सांगितलेलं नाही. परवा एक रखवालदार आला होता, साठीचा. मुलगी बोलत नाही म्हणून सांगत होता. रडायला लागला. दिवसातला आठवा होता तो. त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द माझ्यापर्यंत पोचतच नव्हते. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पुढे.’ बँकेच्या खिडकीवर म्हणतात तसं. मला म्हणायचं होतं की पुढे सांगा. त्याला वाटलं, पुढच्याला बोलावलं. त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला, ‘माफ करा, तुमचा वेळ घेतला’ म्हणाला आणि उठून गेला.

मी त्याला थांबवलं नाही. मला बरं वाटलं, धाकटे. सतरा मिनिटं मोकळी मिळाली. मी दार लावून भिंतीकडे बघत बसले.

तू हेच ओरडून सांगत होतीस. असं होईल, आपण माणसं राहणार नाही, असं म्हणाली होतीस. तू बरोबर होतीस याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

अजून एक. खाली नवी आली आहे. कालव्यापलीकडच्या वस्तीतली, शिकून आलेली, बोलायला सडेतोड. तिला मऊबाईंनी तुझी खोली दिली, झेरॉक्स मशिनच्या मागची, खिडकी नसलेली. किल्ली मीच दिली. म्हटलं, तात्पुरती आहे. तिनं विचारलं, इथं आधी कोण बसायचं?

मी म्हटलं, एक होती.

ताई


११ मार्च

धाकटे,

आज बसमधून उतरताच आलं नाही. केंद्राचा थांबा आला, दार उघडलं, बाकीचे उतरले. माझे पाय उठेनात. दुखत नव्हते, जड नव्हते, नुसते उठेनात. दार लागलं. मग मी शेवटपर्यंत गेले, बसच्या आगारापर्यंत. चालक मागे आला आणि म्हणाला, मॅडम, इथून पुढे रस्ता नाही. मी म्हटलं, माहीत आहे. त्यानं जास्त चौकशी केली नाही. पुढच्या सीटवर बसून डबा खाल्ला, हात धुतले आणि मला घेऊन तीच बस परत आणली.

दीड तास उशिरा पोचले. व्हरांड्यात तिघं ताटकळत बसली होती. एकानंही तोंडातून ब्र काढला नाही, आणि त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या लोकांना वाट बघायची इतकी सवय आहे.

मऊबाईंचा निरोप होताच. वाटलं, उशिराबद्दल झाडणार. त्यांनी मात्र खुर्ची पुढे केली, दमलीस ना म्हणाल्या, चहा मागवला. मी बसचं सांगून टाकलं. मग टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला.

झालं असं होतं की नव्या मुलीनं आठवड्यापूर्वी लेखी अर्ज दिला होता. दिवसाला नऊ जण घेणं क्लायंटसाठी धोक्याचं आहे, तो बंद झालेला आठवड्याचा तास परत सुरू करा, एवढंच. त्या अर्जाला उत्तर म्हणून हा कागद. टाइप करून तयार, खाली माझं नाव. ‘सदर समुपदेशक भावनिकदृष्ट्या अस्थिर असून, स्वतःच्या पार्श्वभूमीमुळे क्लायंटच्या दुःखापासून आवश्यक अंतर राखू शकत नाहीत.’

ते वाक्य मी पूर्वी वाचलंय. तूही वाचलंयस. एक अक्षर बदललेलं नाही, फक्त नाव बदललंय. तीन वर्षांत नवं वाक्य लिहायचे कष्टही घेतले नाहीत त्यांनी.

“तिच्यात फार कडवटपणा आहे,” मऊबाई म्हणाल्या. “तुझ्यात तो नाही. म्हणून तर तुझ्या शब्दाला वजन आहे. आणि तुमच्यापैकीच कोणी सांगितलं की आमच्यावर आकसाचा आरोप येत नाही.”

हे त्या अगदी सरळ, प्रेमानं म्हणाल्या. आपण काय बोललो हे त्यांना कळलंही नसावं. मी दोन दिवस मागितले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घे की, म्हणाल्या, आपण एक कुटुंब आहोत.

कुटुंब. माझं कुटुंब न्हाणीघरात नळ सोडून बोलतं.

ताई


१२ मार्च

धाकटे,

काल पत्र बंद केलं पण झालं नाही माझं. आज सुट्टी टाकलीय. आई फिरायला गेलीय. आता लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

तुला जे माहीत आहे ते आधी. पंधरा सप्टेंबरला तू माझ्या टेबलावर एक पत्र आणून दिलंस. मी तेव्हा दोन महिन्यांपूर्वीच समन्वयक झाले होते. पत्रात लिहिलं होतं की नऊ क्लायंट झेपत नाहीत, त्यातल्या एका गवंड्याची तुला काळजी वाटते, त्याला आठवड्यातून दोनदा वेळ द्यायला हवा. मी म्हटलं, जागा नाही. तू म्हणालीस, मग तसं लेखी दे. मी म्हटलं, माझ्याशी ऑफिसातल्यासारखं बोलू नकोस. सहा ऑक्टोबरला त्या गवंड्यानं जीव दिला. केंद्रानं चौकशी बसवली. त्यांनी विचारलं, असं काही पत्र आलं होतं का? मी सांगितलं, माझ्याकडे आलं नाही. मग तो ‘अस्थिर’ कागद पुढे आला आणि त्यावर मी सही केली. तुला काढून टाकलं.

एवढं तुला माहीत आहे, आणि एवढ्यावर तू माझं नाव टाकलंस.

आता माहीत नाही ते. तू पत्र देऊन गेलीस तेव्हा मी ते आवक रजिस्टरमध्ये नोंदवलं होतं. क्रमांक २१४, तारीख, विषय, तुझं नाव, माझी सही. टेबलावर येणारा प्रत्येक कागद नोंदवायचा हा नियम, आणि मी नवी समन्वयक, नियमाला पक्की. मग पत्र घेऊन मऊबाईंकडे गेले. त्यांनी वाचलं, खणात ठेवलं, म्हणाल्या, हे आपल्यात ठेवू. गवंडी गेल्यावर त्यांनी ते रजिस्टर मागवून घेतलं आणि लोखंडी कपाटात टाकलं. दुसऱ्या दिवशी नवं रजिस्टर आलं. त्या कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे. म्हणजे तीन वर्षं ते माझ्या कमरेला लटकत होतं, धाकटे. कोणत्याही दिवशी काढता आलं असतं.

का नाही काढलं? मी स्वतःला सांगायचे की दोघींची नोकरी गेली तर आईचं काय. ते अगदीच खोटं नाही. पण त्याच्या खाली दुसरं आहे. तिथं आपल्याला दोघींना एकच समजायचे. तुझ्या नावानं मला हाक मारायचे, माझी चूक तुला सांगायचे. तू भांडलीस की त्यांच्या नजरेत मीही भांडखोर. मला तुझ्यापासून वेगळं दिसायचं होतं. ‘ती तशी आहे, मी तशी नाही.’ सही करताना माझा हात थरथरला वगैरे काही नाही. हात मोकळा झाला.

माफी मागत नाहीये. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही काम तुझ्यावर टाकायचा मला अधिकार नाही.

ताई


३० मार्च

धाकटे,

मी तो कागद सही न करता परत दिला. मऊबाई म्हणाल्या, विचार कर. मी म्हटलं, केला. त्यावर त्या पहिल्यांदा माझ्याशी मऊ बोलल्या नाहीत. ‘तुलाही कोणीतरी घडवलंय, विसरू नकोस,’ म्हणाल्या. मग मी खाली गेले, कपाट उघडलं, जुनं रजिस्टर काढलं, त्या पानाचे फोटो काढले आणि पाचही विश्वस्तांना पत्र लिहून बैठकीत बोलायला वेळ मागितला. त्यांनी शुक्रवारी दहा मिनिटं दिली.

बैठक वरच्या मजल्यावर असते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, कुंड्या. आजवर मी त्या खोलीत फक्त खुर्च्या लावायला गेले होते. त्या दिवशी मी बसले. रजिस्टर समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, नऊ आणि पाच, बंद झालेला तास, तुझं पत्र, गवंडी, खण, कपाट. आवाज चढला माझा. चढू दिला.

मऊबाईंनी मध्ये अडवलं नाही. मी थांबल्यावर त्या विश्वस्तांकडे वळून हळू म्हणाल्या की ही गेले काही महिने फार थकली आहे, परवा बसमध्येच बसून राहिली होती, तिला विश्रांतीची आणि उपचाराची गरज आहे. मला बघायचं होतं की त्या हे कधी काढतात. सहा मिनिटं लागली.

विश्वस्तांमध्ये एक निवृत्त न्यायाधीश आहेत. ते आतापर्यंत चष्मा पुसत होते. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, पान जवळ धरून वाचलं.

“ही सही कोणाची?”

“माझी.”

“आणि चौकशीत असं पत्र आलंच नाही म्हणून कोणी सांगितलं?”

“मीच.”

“म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात किंवा आता बोलताय.”

“तेव्हा बोलले.”

“का?”

“भीती वाटली. आणि मला ती जागा टिकवायची होती.”

त्यांनी मान डोलावली नाही, रागावलेही नाहीत. लिहून घेतलं. मऊबाईंना विचारलं की खणातलं पत्र कुठे आहे. त्या म्हणाल्या, असं पत्र आठवत नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.

निकाल असा. जुनी चौकशी पुन्हा उघडणार, बावीस मेला. तोवर मऊबाई रजेवर. मी निलंबित, कारण खोटी साक्ष दिली. बरोबर आहे ते. तुला नोटीस येईल, साक्षीला बोलावतील. मी तुझा पत्ता दिलेला नाही, आईमार्फत पाठवा म्हटलंय.

आवरायला खाली गेले तर नवी दारात उभी. तिच्यावरचा कागद रद्द झाला, तिला आता सहा क्लायंट दिलेत. मला वाटलं होतं की ती काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, “तुम्हाला हे सगळं माहीत होतं आणि पहिल्या दिवशी तुम्ही मला नुसती किल्ली दिलीत?”

तिनं वाट बघितली, मग आत गेली. तिचा पुढचा क्लायंट येऊन बसला होता.

वस्तीत बातमी पोचायला एक दिवस पुरला. काही जणांनी पाठ थोपटली, काहींनी विचारलं की आता पुढच्या पोरींना तिथं कोण घेणार. आईनं सगळं ऐकून घेतलं. चौकशीत मी काय बोलले होते ते तिला पहिल्यांदाच कळलं. तू तिला कधी सांगितलंच नव्हतंस. मला वाटायचं की ती सगळं जाणून माझ्याबरोबर राहते. आता ती माझ्याशी गरजेपुरतं बोलते. परवा तुझा फोन आला तेव्हा न्हाणीघरात गेली नाही. माझ्यासमोर बसून बोलली, आणि बोलताना सगळा वेळ माझ्याकडे बघत होती.

ताई


१७ एप्रिल

धाकटे,

आज गवंड्याच्या घरी गेले होते. कोणी सांगितलं नव्हतं, नियमातही बसत नसेल. पण नियमांचं पालन मी केलेलं आहे, त्याचं काय झालं ते आपण बघितलं.

त्याची बायको इस्त्रीचं काम करते. पुढच्या खोलीतच टेबल आहे, भिंतीपर्यंत कपड्यांचे ढीग. मी कोण ते सांगितल्यावर तिनं इस्त्री थांबवली नाही. बोला, म्हणाली, हात चालू राहील. मी उभ्यानंच सांगितलं. की तिला केंद्रानं कळवलं होतं, ‘संबंधित समुपदेशकाचा हलगर्जीपणा आढळला, कारवाई केली आहे’, ते खोटं होतं. की त्या समुपदेशक मुलीनं तीन आठवडे आधी लेखी दिलं होतं, ह्या माणसाला जास्त वेळ हवा. की ते पत्र माझ्या हातात आलं होतं.

तिनं एक शर्ट पूर्ण केला. कॉलर, बाह्या, पाठ. घडी घातली. मग विचारलं, “दोनदा वेळ दिला असता तर वाचले असते?”

अशा वेळी काय म्हणायचं ते आपल्याला शिकवलंय. त्यातलं एकही वाक्य माझ्या तोंडात आलं नाही. मी म्हटलं, “मला माहीत नाही. तिनं मागितला होता आणि मी नाही म्हटलं, एवढं माहीत आहे.”

मग तिनं जे सांगितलं ते मला तुझ्याकडून कधी कळलं नव्हतं. तू तिच्याकडे गेली होतीस. तीनदा. पहिल्यांदा तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा तू दिवसभर पायरीवर बसून राहिलीस. तिसऱ्यांदा तिनं कपड्यांवर शिंपडायचं पाणी भांड्यासकट तुझ्या अंगावर फेकलं. ती म्हणाली, “ती पोर काहीच बोलली नाही हो. भांडं उचललं, पायरीवर नीट ठेवलं आणि गेली. एवढं सगळं तिच्या बाजूनं होतं तर बोलली का नाही?”

मला माहीत आहे. तू बोलली असतीस तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

तीन वर्षं मी तुला मनातल्या मनात पळपुटी म्हणत होते. पाकिटं रडत नाहीत म्हणून टोमणे मारले. सगळ्या पत्रांत मी रागावलेय, कधी केंद्रावर, कधी तुझ्यावर, कधी स्वतःवर. आज घरी परतताना राग होताच, पण त्याला तोंड कुठलं द्यायचं ते कळेना. तू मला कशाला वाचवलंस? मी काय केलं होतं तुझ्यासाठी? एकदा तरी चारचौघांत माझ्या नावानं बोंब मारायची होतीस. निदान मला लवकर लाज वाटली असती.

मी निघताना तिनं इस्त्री उभी ठेवली. “तीन वर्षं मी त्या पोरीला शिव्या घातल्या,” ती म्हणाली. “आता तुम्हाला घालीन. आज नको, आज माझ्याच्यानं होणार नाही. तिचा पत्ता द्या मला.”

मी म्हटलं, तिला विचारून देते. तर विचारतेय. देऊ का?

ताई


२६ एप्रिल

ताई,

सगळी पत्रं मिळाली. पहिली तीन मी फोडली नव्हती. रोज हजारो पाकिटं हाताखालून जातात, न फोडायची मला सवय आहे. बारा मार्चचं जाड होतं, म्हणून फोडलं, मग आधीची फोडली.

गवंड्याच्या बायकोला पत्ता दे. फोन नंबरही दे, आईकडून घे.

तुझं नाव मी तिच्यासमोर घेतलं नाही ते तुला वाचवायला नव्हे. तिचा नवरा गेला होता आणि मी तिला आमच्या ऑफिसातली भांडणं काय सांगणार होते? तू प्रत्येक गोष्टीत स्वतःला मधोमध ठेवतेस. आईला सांगितलं नाही, कारण तिला राहायला एक घर हवं होतं आणि ते तुझ्याकडे होतं. बस.

नव्या मुलीला सांग, प्रत्येक अर्जाची पोच शिक्का मारून घ्यायची आणि ती घरी ठेवायची. मी घेतली नव्हती, कारण टेबलापलीकडे माझी बहीण होती.

मी अजून लोकांचं ऐकू शकत नाही. इथं शेजारीण तिचं दुखणं सांगायला लागली की मी गॅस चालू आहे म्हणून आत जाते. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. नोकरी गेली त्यापेक्षा मला हे जास्त लागलंय. मी चांगली समुपदेशक होते.

नोटीस मिळाली. बावीस मेला मी येतेय. उतरायची सोय दुसरीकडे केलीय. तुझ्या बाजूनं बोलायला येत नाही. संचालकबाईंबद्दल जे आहे ते सांगणार आणि तुझ्याबद्दल जे आहे तेही सांगणार, काही गाळणार नाही. तुझी नोकरी कायमची जाईल कदाचित. तयारी ठेव.

एक गोष्ट तू एवढ्या पानांत कुठेही लिहिली नाहीस. चौकशीत ‘माझ्याकडे आलं नाही’ म्हणालीस तेव्हा मी तुझ्या समोरच बसले होते, आणि तू टेबलाकडे बघून बोललीस. या वेळी माझ्याकडे बघून बोल.

धाकटी